मदत हवी आहे : काळ्या मातीवर व्हीलचेअर नीट चालेल असा वॉकिंग ट्रॅक कसा करावा?

नमस्कार मंडळी. जळगावात आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये नाल्याच्या कडेने झाडांचा वॉकिंग ट्रॅक करायचं ठरतंय. व्हीलचेअर वापरणारे, काठी घेऊन चालणारे यांना कुणाचा हात न धरता फिरता यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

रॅम्पचं गणित समजलंय: उतार 1:12, म्हणजे फूटभर चढाला 12 फूट लांबी. तेवढी जागा गेटजवळ निघते. खरी अडचण काळ्या मातीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेजारच्या रस्त्यावरचे पेव्हर ब्लॉक इतके वरखाली झालेत की व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं फटीत अडकतात. माती किती खोल काढून मुरूम भरावा? वर पेव्हर की खरखरीत काँक्रीट?

दुसरं, ऊन. मे महिन्यात स्टीलच्या कठड्याला हात लावता येत नाही, आणि आधार तर त्याचाच घ्यायचा! तुम्ही कठड्याला काय वापरलंत? कडुनिंब, करंज किती अंतरावर लावले तर सावली ट्रॅकवर पडेल, पण मुळं ट्रॅक उचलणार नाहीत?

खान्देशात कुणी असं काम केलं असेल तर कृपया फोटो टाका, मी स्वतः येऊन बघेन. आराखडा पक्का होण्याआधीच बदल सुचवता येतील.