हौशी गटात कोणाला घ्यायचं? 1.10 मीटर शोजंपिंगचे नियम लिहितोय

दुडकी:
शोजंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत, 1.10 मीटर उंच अडथळ्यांचा हौशी गट पहिल्यांदाच ठेवतोय. मसुद्यात सध्या एकच ओळ आहे : ‘घोड्यांतून पैसे न मिळवणारा तो हौशी.’ त्यावर तीन प्रवेशिका अडल्यात. एक जण तबेल्यात पगारी मोतद्दार आहे; खरारा, खुराक बघतो, कामावर असताना खोगिरावर बसत नाही. दुसरी आठवड्यातून दोनदा नवशिक्यांना फी घेऊन शिकवते. तिसऱ्याला कोणी एक पैसाही देत नाही, पण सहा महिन्यांपासून 1.40 नियमित खेळतोय. ही ओळ लावली की पहिले दोघे बाहेर आणि तिसरा आत. नियम कसा लिहावा?

कोर्सकागद:
एका ओळीच्या डोक्यावर दोन प्रश्न लादलेत, म्हणून घोटाळा. स्वार हौशी आहे का, हे पैशावर ठरवा. कोणत्या उंचीत खेळेल, हे निकालांवर.

पैशात फक्त खोगिरावर बसण्याचा, शिकवण्याचा आणि घोडा विकण्यासाठी चालवून दाखवण्याचा मोबदला मोजा. मोतद्दारी, नालबंदी, पशुवैद्यकी, पंचगिरी, कोर्स (अडथळ्यांचा मार्ग) उभारणं यांचा पगार मोजू नका. त्याने कोणाची उडी सुधारत नाही. मोबदला म्हणजे फक्त रोख नव्हे, हे मात्र ठळक लिहा. आपला घोडा फुकट ठेवायला मिळतो म्हणून तबेल्याचे रोज चार घोडे फिरवणारा ‘मी पैसे घेत नाही’ असं सांगतो, आणि ते खरंच असतं! खर्चात दिलेली सूट, भरलेली प्रवेश फी, विक्रीतलं कमिशन, सगळं यादीत घाला. मुदत मागचे 12 महिने.

निकालांसाठी असं वाक्य चालेल : ‘मागच्या 24 महिन्यांत 1.30 किंवा त्याहून उंच स्पर्धांत पहिली फेरी 4 किंवा कमी फॉल्टमध्ये तीनदा पूर्ण केलेला स्वार या गटात पात्र नाही.’ 4 फॉल्ट म्हणजे पाडलेल्या एका दांड्याचे दंडगुण. ‘भाग घेतलेला’ लिहू नका. नाहीतर एकदा धाडस करून 1.30 मध्ये उतरलेला आणि घोड्याने दोनदा नकार दिल्यावर बाद झालेलाही अडकतो.

चौखूर:
पैशाची अट मुळात कोणाला गाळायला बनली ते बघा. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण जिंकलेल्या स्वीडनचं पदक नंतर काढून घेतलं, कारण संघातला गेनेल पेर्सन हा लष्करी अधिकारी नव्हता, सार्जंट होता, आणि तेव्हा सैन्यातले फक्त अधिकारीच हौशी धरले जात. 1952 मध्ये नियम सैल झाला आणि त्याच तिघांनी हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण घेतलं. स्वारी तीच, कागद बदलला.

त्यामुळे शिकवणाऱ्या बाईंना सरसकट बाहेर काढू नका. लंजच्या दोरीवर (जमिनीवर उभं राहून लांब दोरीने घोडा गोल फिरवत) नवशिक्यांना दुडकी चाल शिकवून कोणी 1.10 चा कोर्स जिंकत नाही. ‘उडी न शिकवणारे चालतील’ एवढी सूट द्या. फायदा ज्याला दुसऱ्यांचे घोडे रोज उडवायला मिळतात त्याचा होतो.

कोर्सकागद:
मान्य. फक्त सूट द्यायची तर ‘जमिनीवरच्या दांड्यांपुरतं’ असं लिहा. ‘नवशिके’ हा शब्द रबरासारखा आहे, पाहिजे तेवढा ताणता येतो.

निळी रिकाब:
स्वारावरच चर्चा चाललीय, घोडा कुठे गेला? सकाळी ट्रेनर 1.35 वर घोडा उडवून धार लावतो आणि दुपारी मालक नुसता वर बसून 1.10 खेळतो. हौशी कोण, घोडा का? नियम असा : घोडा मैदानात आल्यापासून गट संपेपर्यंत प्रवेशिकेतल्या स्वाराशिवाय कोणी त्याला उडी मारायला लावायची नाही. हाताने चालवणं आणि लंज करणं कोणालाही चालेल. वॉर्म-अपच्या मैदानात घोड्याचा नंबर आणि स्वाराचं नाव टिपायला एक कारभारी बसवा. तो नसेल तर हा नियम कागदावरच राहतो.

दुसरं, एका स्वाराला गटात दोनच घोडे. सहा घोडे घेऊन येणाऱ्याला जंप-ऑफची (बरोबरीत राहिलेल्यांच्या निर्णायक फेरीची) सहा तिकिटं मिळतात, एकच घोडा असलेल्याला एक. पैशाच्या कसोटीत हा माणूस शंभर टक्के हौशी बसतो.

दुडकी:
म्हणजे मोतद्दार आत. बाई उडी शिकवत नसतील तर आत. 1.40 वाले हौशी खरे, पण 1.10 मध्ये नाहीत, त्यांना 1.30 चा गट आहेच. आता हे तपासायचं कसं?

कोर्सकागद:
‘मी हौशी आहे’ या वाक्याखाली सही घेऊ नका, त्यावर सगळेच करतात. प्रश्न विचारा : कोणाचे घोडे फिरवता? त्या बदल्यात काय मिळतं? काय शिकवता? सर्वांत उंच तीन निकाल कोणते? उत्तरं सूचनाफलकावर लावा. पात्रतेची हरकत गट सुरू होण्याच्या एक तास आधीपर्यंत, लेखी. उत्तर खोटं निघालं तर मात्र ही मुदत धरू नका; निकाल रद्द, बक्षीस परत आणि खालचे सगळे एक जागा वर.