चालू दाव्यात साहेबांना केबिनमध्ये भेटणं : गैर की गरज?

बांधकरी
आमचा शेतरस्त्याचा दावा तहसीलदारांपुढे चालू आहे, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली. परवा तारखेला गेलो तर समोरची पार्टी साहेबांच्या केबिनमधून बाहेर येत होती. हातात नकाशाची गुंडाळी. आमचा पुकारा अजून व्हायचा होता. शिपायाला विचारलं तर म्हणतो, "तुम्ही पण जा की, कोण अडवतंय?"

गेलो नाही. घरी भावाने खुळ्यात काढलं.

पैसे दिले-घेतले असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या नकाशात रस्ता कुठल्या बांधावरून दाखवलाय हेच मला माहीत नसेल, तर मी उत्तर तरी कशाचं देऊ? चालू दाव्यात एका बाजूने निर्णय देणाऱ्याला असं परस्पर भेटणं चूकच, मग आत नुसता चहा झालेला असो.

फेरफार
तीस वर्षं महसूलमध्ये कारकुनी केली, म्हणून बोलतो. तहसीलदार म्हणजे न्यायाधीश नव्हे. सकाळी टंचाईची बैठक, मग रेशनच्या तक्रारी, मधेच वाळूचा ट्रॅक्टर धरायचा, आणि चार वाजता तुमचा रस्ता. दार लावून बसला तर तुम्हीच बोंब मारणार, साहेब भेटत नाहीत म्हणून. ते लोक दुसऱ्याच कामाला गेले नसतील कशावरून? साप म्हणून भुई धोपटू नका.

काळा कोट
'एकतर्फी' या शब्दाने घोळ होतो, म्हणून आधी तो निस्तरू. एका बाजूचं ऐकून हुकूम देणं कायद्यालाही मान्य आहे. तूर्तातूर्त मनाई, म्हणजे पूर्ण सुनावणीआधीचा तात्पुरता मनाईहुकूम, मिळते ती अशीच. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९, नियम ३ काय म्हणतो? नोटीस न देता मनाई द्यायची तर कोर्टाने कारणं लिहायची, अर्जदाराने सगळ्या कागदांच्या प्रती लगेच समोरच्याला द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या, आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. एकाचंच ऐकलंय हे सगळ्यांना दिसतं. केबिनमधली भेट मात्र रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, सापडत नाही.

आम्हा वकिलांना तर बार कौन्सिलच्या नियमांनी चालू प्रकरणाबद्दल न्यायाधीशाशी खासगीत बोलायला सरळ मनाई आहे. कोर्टाबाहेर वाद सोडवणाऱ्या लवादापुढेही तेच : १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम २४(३), एकाने लवादाला दिलेला कागद दुसऱ्याला मिळालाच पाहिजे.

फेरफार
वकीलसाहेब, ज्याला वकीलच परवडत नाही त्याचं काय? एक विधवा बाई यायची वारसनोंदीच्या तक्रारीत. सुनावणीत समोर दीर उभा, हिच्या तोंडून शब्द फुटेना. साहेबांनी आत बोलावून अर्धा तास ऐकून घेतलं. गुन्हा केला?

बांधकरी
काका, ती आत काय बोलली ते दिराला कळवलं का?

फेरफार
नाही. पण निकाल बरोबर लागला.

काळा कोट
बरोबर लागला हे ठरवलं कोणी? दिराकडे एखादं वाटणीपत्र असतं तर? बाईचा जबाब आत घ्या, हरकत नाही, पण तो लिहून घ्या आणि त्याची प्रत दिराला द्या. अर्ध्या तासात तेवढं बसलं असतं.

नदीकाठ
तहसीलचं काय घेऊन बसलात! सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्या. विशाल मिश्रा यांनी आदेशातच लिहिलं की खाणीच्या प्रकरणात एका आमदाराने त्यांना फोन करायचा प्रयत्न केला, आणि ते त्या प्रकरणातून बाजूला झाले. असं पाहिजे.

तिरपागडे
असं नको! म्हणजे न्यायाधीश नकोसा असेल तर त्याला एक फोन लावायचा, की खटला दुसरीकडे. मी तर म्हणेन फोन आला हे लिहा, कारवाई सुरू करा, आणि निकालही तुम्हीच द्या.

आणि सरकार न्यायालयाला जे सीलबंद लिफाफे द्यायचं, ते काय वेगळं होतं? मीडियावन वाहिनीची परवानगी गेली, केरळ उच्च न्यायालयाने लिफाफा वाचून सरकारची बाजू उचलली, वाहिनीला त्यात काय आहे याचा पत्ता नाही. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. देशाची सुरक्षा म्हटलं की दुसऱ्या बाजूला अंधारात ठेवायची आपोआप मुभा मिळते, हे न्यायालयाने मानलं नाही.

काळा कोट
बाजूला होण्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. बारमध्ये हे उघड कोणी बोलत नाही इतकंच.

फेरफार
बरं, बांधकरी, तत्त्व राहू द्या. लेखी अर्ज द्या : समोरच्यांनी नकाशा दिला असल्यास रेकॉर्डवर घ्यावा, प्रत मिळावी, आणि स्थळपाहणी दोघांना नोटीस देऊनच व्हावी. साहेब पाहणीला कोणाच्या गाडीतून येतात तेही बघा, मी पुष्कळ बघितलंय. अर्ज आवक-जावकला द्या, पोच घ्या. केबिनमध्ये नेऊ नका.

काळा कोट
आणि अर्जाची एक प्रत समोरच्यांना.

बांधकरी
समोरच्यांना पण? भावाला कळलं तर आज रात्री गोठ्यात झोपावं लागेल.