बेडकाच्या भ्रूणात कॅडहेरिन कुठे दिसतं, एवढ्यावर भागतं का?

कातळवाट (रत्नागिरी):
पाऊस लागला, सड्यावरची डबकी भरली, की बीएस्सीची मुलं बेडकाच्या भ्रूणाबद्दल विचारायला लागतात. आपण त्यांच्यापुढे आफ्रिकन झेनोपसचा (प्रयोगशाळेतला नेहमीचा बेडूक) तक्ता ठेवतो: कॅडहेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन, त्याचा कोणता प्रकार (सी, ई, एन) कधी नि कुठे असतो. सी-कॅडहेरिन अंड्यातूनच आलेलं, सगळ्या पेशींत; गॅस्ट्रुलात (भ्रूणाचे थर पडतात त्या अवस्थेत) बाह्यस्तरात ई-कॅडहेरिन; पुढे मज्जापट्टीत (जिच्यातून मेंदू नि मज्जारज्जू बनतात) ई जातं, एन येतं. मुलं घोकतात. माझं म्हणणं, प्रथिन कुठे आहे यावरून पेशी एकमेकींना किती घट्ट धरतात ते कळत नाही. ब्रीहर आणि गम्बिनर या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं, की अ‍ॅक्टिव्हिन (भ्रूणपेशींना संदेश देणारं प्रथिन) दिल्यावर सी-कॅडहेरिनची पकड सैल पडते, पण पेशीच्या पृष्ठभागावर ते असतं तेवढंच असतं. तक्ता यावर गप्प.

खाडीकाठ (दापोली):
सर, नाही पटलं. टाउन्स आणि होल्टफ्रेटर या संशोधकांनी १९५५ मध्ये उभयचर भ्रूणाच्या पेशी सुट्या करून एकत्र कालवल्या. त्वचेच्या पेशी आपसूक बाहेर गेल्या, मज्जापट्टीच्या पेशी आत गेल्या. पुढे १९९० च्या सुमारास झेनोपसच्या बाह्यस्तरात मुद्दाम एन-कॅडहेरिन तयार करायला लावलं, तर ऊतकांच्या सीमाच बिघडल्या. प्रथिन नेहमीचंच, जागा तेवढी चुकली! मग जागा गौण कशी?

देवगडची:
दोघेही थरांबद्दलच बोलताय. एकेका पेशीकडे बघा ना. ब्लास्टुलाच्या (गॅस्ट्रुलाच्या आधीचा पोकळ गोळा) बाहेरच्या पेशीचा पाण्याकडचा पृष्ठभाग कॅडहेरिनविना असतो. शेजारणीला टेकलेल्या बाजूंवरच ते चमकतं. आणि कॅडहेरिनच्या पकडीला कॅल्शियम लागतं; म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात भ्रूणाचा वरचा तुकडा ठेवला, की आतल्या पेशी सुटून तळाशी पसरतात, पण बाहेरचा काळपट थर अख्खा पापुद्रा राहतो. सी-कॅडहेरिन दोन्हीकडे आहे. पण बाहेरच्या थराला घट्ट जोडांचाही (शेजारच्या पेशींच्या कडा गच्च सांधणाऱ्या बांधणीचाही) आधार आहे.

खाडीकाठ:
ताई, हे तर माझ्याच बाजूचं झालं. घट्ट जोडही ठरलेल्या जागीच असतात, पाण्याकडच्या कडेला.

कातळवाट:
ते मान्य. पण तो पापुद्रा टिकतो हे द्रावणात ठेवल्यावर कळलं, चित्रावरून नव्हे. माझा आग्रह एवढाच, की प्रात्यक्षिकात चित्रासोबत पेशी सुट्या करण्याचा प्रयोगही हवा. शिवाय आपल्याकडच्या झुडपी बेडकांच्या अंड्यातून डिंभ (बेडूकमासा) न येता थेट इवलं बेडूक बाहेर पडतं. त्यांनाही झेनोपसचाच तक्ता चिकटवायचा?

खाडीकाठ:
चिकटवू नका. पण त्यांचा तक्ता करायचा तर सुरुवात प्रथिन कुठे आहे ते बघण्यापासूनच होणार, सर.