वर्सिटी फॉन्टला दुहेरी आउटलाइन दिली की अक्षरांची पोटं (आतल्या बंद जागा) बुजतात

ठोकळा: संघाच्या लोगोसाठी जाड वर्सिटी फॉन्ट (कॉलेज-संघांच्या जर्सीवर असतो तसा) घेतलाय, आठकोनी कापलेले कोपरे आणि चौकोनी सेरिफ (दांड्यांच्या टोकांचे पाय) असलेला. इलस्ट्रेटर या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये शब्द कमानीत वळवून आधी पांढरी, तिच्याबाहेर निळी आउटलाइन द्यायची आहे. कॅप हाइट (कॅपिटल अक्षराची उंची) १०० युनिट धरली तर उभा दांडा २४, 'ए', 'बी', 'आर'ची पोटं जेमतेम १४, आउटलाइन प्रत्येकी ४. पोटं बुजतात, 'एम'ला भाल्यासारखी टोकं फुटतात आणि कमानीत आउटलाइन कुठे जाड तर कुठे बारीक होते. पुढे हेच कापडात कापून जर्सीवर शिवायचंय.

कोन४५: बुजणारच. ४ आणि ४ मिळून ८, आणि ते दोन्ही भिंतींकडून आत येतात. १४ मधून १६ वजा कसे होणार? अक्षराची एक प्रत घ्या, कंपाउंड पाथ (बाहेरचा आणि आतला आकार जोडलेला) सोडवा, आतले आकार पुसून भरीव ठोकळा ठेवा आणि दोन्ही ऑफसेट (कडेपासून ठरावीक अंतरावर बाहेर काढलेली रेघ) त्या प्रतीला द्या. वर मूळ अक्षर ठेवलं की पोटात खालचा पांढरा दिसतो, पूर्ण १४ चा.

स्ट्रोक नको, ऑफसेट पाथच वापरा, जॉइन मायटर (म्हणजे कोपरा टोकदारच राहतो). राउंड जॉइनने कापलेले कोपरे गुळगुळीत होतात, मग वर्सिटीत उरलं काय? टोकाची लांबी म्हणजे ऑफसेट भागिले अर्ध्या कोनाचा साइन. ३० अंशांच्या टोकाला ८ चा ऑफसेट सुमारे ३१ युनिट बाहेर जातो. १३५ अंशांच्या कोपऱ्यात फक्त ८.७. मायटर लिमिट (टोक ऑफसेटच्या किती पट बाहेर जाऊ द्यायचं) २ ठेवा: काटकोन शाबूत राहतात, ६० अंशांहून अणकुचीदार टोकं छाटली जातात.

दोराबॉबिन: क्रम चुकतोय. आधी कर्निंग (अक्षरांमधली अंतरं जुळवणं), मग कमान, मग एक्स्पांड (वळवलेल्या अक्षरांचे पक्के आकार करणं), आउटलाइन सगळ्यात शेवटी. आउटलाइनसकट वळवलं तर तीही ताणली जाते. इलस्ट्रेटरमध्ये 'आर्क'ने अक्षरं पंख्यासारखी फाकतात, 'आर्च'मध्ये उभे दांडे उभेच राहतात. छातीवरच्या नावाला आर्च बरा.

दोन अक्षरांत १६ पेक्षा कमी अंतर असेल तर बाहेरच्या आउटलाइन एकमेकींवर चढतात. चढू द्या, नंतर युनाइट करा (एकच आकार करा). अंतर १७-१८ ठेवलंत तर मधे एक-दोन युनिटची फट उरते. ती शिवता येत नाही आणि विनाइलवर सोलताना फाटते.

शिवणीचं गणित: अक्षर १०० मिमी उंच असेल तर पांढरी पट्टी ४ मिमी. कडेवर ३ मिमीचा सॅटिन टाका (कड झाकणारा दाट आडवा टाका) निम्मा आत, निम्मा बाहेर बसतो. दोन्ही कडांचे दीड-दीड मिमी गेले की मधे १ मिमी कापड दिसतं. ५० मिमीच्या अक्षरात पट्टीच २ मिमी, तिथे टाके एकमेकांवर चढतात. लहान आकारात एकच आउटलाइन ठेवा.

ठोकळा: लिमिट २ ने 'एम' सुधारला. पाठीवरच्या नंबरांनाही हीच भरीव प्रत चालेल?

कोन४५: ८, ० ला चालेल. ३ आणि ५ ची तोंडं मात्र उघडी असतात, ती पुसण्यासारखा वेगळा आतला आकारच नसतो. ऑफसेट तिथे घुसतो आणि लांबून ३ चा ८ दिसतो. त्या दोघांची तोंडं २० पर्यंत रुंद करा किंवा नंबरांना ४ ची एकच आउटलाइन द्या. दुसरा मार्ग सोपा.