मदत हवी आहे : रीपरमधील प्रीसेट स्क्रिप्टने स्वतंत्र फाइलींमध्ये काढण्याबाबत

रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका व्हीएसटी 3 सिंथेसायझरचे (त्यात प्लगइन म्हणून चालणाऱ्या, आवाज तयार करणाऱ्या साधनाचे) मी स्वतः तयार केलेले 340 प्रीसेट (आवाजाच्या जतन केलेल्या मांडण्या) साठवलेले आहेत. सहकारी दुसरे सॉफ्टवेअर वापरत असल्यामुळे प्रत्येक प्रीसेटची वेगळी, प्रमाणित व्हीएसटीप्रीसेट फाइल हवी आहे. सिंथेसायझरच्या खिडकीतून एकेक फाइल हाताने जतन करता येते आणि ती तिकडे बिनचूक उघडते. पण 340 वेळा तेच करण्याची माझी तयारी नाही.

माउसच्या क्लिक आपोआप करणारे साधन वापरून पाहिले, मात्र नावाची चौकट उघडायला क्षणभर उशीर झाला की पुढची सगळी नावे एका घराने सरकतात. म्हणून लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत रीस्क्रिप्ट (रीपरमध्ये चालणारी स्क्रिप्ट) लिहिली : ती क्रमाने प्रीसेट लावते, प्लगइनची स्थिती बेस64 रूपात (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) घेते, उलगडते आणि 'व्हीएसटी3' या खुणेने सुरू होणारे, 32 अक्षरी वर्ग-ओळख (प्लगइन ओळखण्याचा संकेतांक) असलेले 48 बाइटांचे शीर्ष जोडून, शेवटी विभागांची सूची लिहून फाइल करते. ती उघडते, तक्रार करत नाही, पण आवाज मूळ कोऱ्या प्रीसेटचाच येतो.

त्याच प्रीसेटच्या हाताने जतन केलेल्या फाइलीशी ताडून पाहता शीर्षातील खूण आणि वर्ग-ओळख तंतोतंत जुळतात, मात्र माझ्या फाइलीत मधल्या माहितीच्या आधी काही जादा बाइट दिसतात. वर्ग-ओळख तपासली आहे, आणि प्रीसेट लागल्यावर स्थिती वाचण्यापूर्वी एक सेकंद थांबूनही फरक पडला नाही.

रीपरकडून मिळणाऱ्या या माहितीत प्लगइनच्या प्रोसेसरची (आवाज घडवणाऱ्या भागाची) स्थिती आणि कंट्रोलरची (खिडकी व नियंत्रणे सांभाळणाऱ्या भागाची) स्थिती नेमक्या कुठे वेगळ्या होतात, आणि त्यांच्या आधीचे कोणते बाइट वगळायचे?