जॉन वेनचे जन्माचे चाहते: हे होतं तरी कसं?

केतकी_डीमॉइन
मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय म्हणून विचारते. आम्ही आयोवात डी मॉइनला असतो, इथून गाडीने पाऊण तासावर विंटरसेट नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे १९०७ साली हॉलिवूडचा काउबॉय हिरो जॉन वेन जन्मला. ते घर इवलंसं आहे पण अगदी जपून ठेवलंय, आणि २०१५ पासून शेजारी चांगलं मोठं म्युझियम आहे. मे महिन्यात त्याचा वाढदिवस असतो तेव्हा गेलो होतो तर केवढी गर्दी! सत्तरीच्या पुढचे आजोबा, सोबत मुलं नातवंडं, काही जण तर दोन राज्यं ओलांडून गाडी चालवत आलेले. माणूस जाऊन किती वर्षं झाली, १९७९ ला गेला तो. एका आजोबांना विचारलं की काका हे वेड कधीपासून, तर म्हणाले माझे वडील बघायचे म्हणून मी बघायला लागलो, संपलं उत्तर. पण वडील बघतात ते सगळंच कुठे आपल्याला चिकटतं? वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयच्या सिनेमांत, गॅरी कूपर होता, रँडॉल्फ स्कॉट होता, ते काय लहान नट होते का, मग त्यांच्यासाठी कुणी असं का येत नाही? जाणकारांनी प्लीज सांगा. आणि मी स्वतः त्याचा एकही सिनेमा पूर्ण बघितलेला नाही, तर सुरुवात कुठून करू तेही सांगा.

जुना_प्रेक्षक
केतकीताई, छान विषय काढलात. आजोबांचं उत्तर बरोबरच आहे पण त्यामागे टीव्हीचा मोठा हात आहे. १९३० साली 'द बिग ट्रेल'मध्ये राऊल वॉल्शने या २३ वर्षांच्या पोराला हिरो केलं, सिनेमा प्रचंड खर्चाचा, ७० मिमीच्या रुंद फिल्मवर काढलेला, आणि मंदीच्या त्या दिवसात ती दाखवायचं मशीन घ्यायला थिएटरवाल्यांकडे पैसा कुठला, सिनेमा साफ पडला. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं हा माणूस स्वस्तातले वेस्टर्न करत राहिला, तासाभराचे, झटपट उरकलेले, शनिवारी दुपारी पोरांनी थिएटरात बसून बघायचे असे. कुणालाही वाटेल ती वर्षं वाया गेली पण माझ्या मते चाहत्यांचं पीक तिथेच पेरलं गेलं. एक तर याकिमा कनट नावाच्या जबरदस्त स्टंटमनसोबत राहून तो घोड्यावर बसणं, पडणं, मारामारी सगळं शिकला, त्याची ती चालण्याबोलण्याची ढब पण बरीचशी कनटकडून आलेली. आणि दुसरं म्हणजे पन्नासच्या दशकात अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला तेव्हा चॅनेलवाल्यांना दिवसभर दाखवायला काहीतरी हवं होतं, तेव्हा हे जुने वेस्टर्न त्यांना स्वस्तात मिळाले. म्हणजे बापाने तीसच्या दशकात थिएटरात बघितलेला सिनेमा पोरगा पंचावन्न साली घरात जमिनीवर बसून बघतोय, आणि त्याच आठवड्यात गावातल्या थिएटरला त्याच हिरोचा नवा रंगीत सिनेमा लागलेला! हा योग फार थोड्या नटांच्या वाट्याला आला. पुढे तर लोन स्टार या कंपनीच्या नावाखाली काढलेल्या त्याच्या बऱ्याच सिनेमांचा कॉपीराइट कुणी रिन्यूच केला नाही, त्यामुळे ते सगळ्यांना मोकळे झाले, स्वस्तातल्या व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी, आता यूट्यूब. सहज समोर येत राहिला की माणूस घरातला होतो.

मंदार_कोथरूड
जुना_प्रेक्षक, टीव्हीचं पटलं, पण टीव्हीवर तर शेकड्याने काउबॉय होते, त्यातले किती टिकले? मला वाटतं खरं कारण तो लोकांच्या डोळ्यांसमोर म्हातारा झाला हे आहे. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये जॉन फोर्डने त्याची एंट्री कशी घेतलीय बघा, हातात रायफल फिरवतोय आणि कॅमेरा धावत त्याच्या चेहऱ्यावर जातो, तरणाबांड. मग चाळिशीच्या आसपास 'रेड रिव्हर'मध्ये हट्टी, कडवट, केस पिकलेला गुरांचा मालक, आणि १९४९ च्या 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये रिटायर व्हायला आलेला कॅप्टन, जो संध्याकाळी बायकोच्या कबरीजवळ बसून तिच्याशी बोलतो. स्वतःच्या वयापेक्षा म्हातारा झाला तो त्यात, आणि किती हळुवार केलंय ते काम! १९६४ मध्ये कॅन्सरमुळे एक फुफ्फुस काढलं, ज्या काळात लोक कॅन्सरचं नाव घ्यायला घाबरायचे तेव्हा त्याने ते जाहीरपणे सांगितलं, आणि परत घोड्यावर बसला. 'ट्रू ग्रिट'मध्ये पोट सुटलेलं, एका डोळ्यावर पट्टी, त्याला एकमेव ऑस्कर मिळालं ते त्यासाठी. शेवटचा सिनेमा १९७६ चा 'द शूटिस्ट', कॅन्सरने मरायला टेकलेल्या बंदूकबाजाची गोष्ट, आणि त्या माणसाचं तारुण्य दाखवायला सुरुवातीला चक्क वेनच्याच जुन्या सिनेमांचे तुकडे लावलेत. ज्यांनी ते तुकडे लहानपणी, कॉलेजात असताना थिएटरात बघितले असतील त्यांना त्या दोन मिनिटांत स्वतःचंच सगळं आयुष्य दिसलं असणार ना?

आमच्याकडे हे बाबांमुळे आलं. नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून नेटवर्क संपलं की त्याच चॅनेलवर रात्री टीएनटी लागायचं, जुने हॉलिवूड सिनेमे, आम्ही भावंडं कार्टून बघता बघता तिथेच बसून राहायचो आणि बाबा मागे येऊन बसायचे. इंग्रजी अर्धं कळायचं नाही. पण वेनचं कळायला इंग्रजी लागत नाही, तो बोलायच्या आधी थांबतो, बघतो, मग बोलतो, तोवर आपल्याला समजलेलं असतं काय होणार ते. बाबा गेले, तरी मी अजून बघतो.

सई_ह्यूस्टन
सगळं मान्य, मी पण चाहती आहे, पण एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. १९७१ च्या प्लेबॉय मासिकाच्या मुलाखतीत तो काळ्या लोकांबद्दल आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांबद्दल जे बोललाय ते वाचवत नाही, गोऱ्यांनी ती जमीन घेतली यात काही चुकलं असं त्याला वाटतच नव्हतं. पडद्यावर इतके सैनिक रंगवले पण दुसऱ्या महायुद्धात तो स्वतः लढायला गेला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या विमानतळाला त्याचं नाव आहे ना, ते बदला असा ठराव तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाने २०२० मध्ये केला तो त्या मुलाखतीमुळेच. आणि हे सगळं माहीत असूनही मी 'द सर्चर्स' दरवर्षी बघते. कारण त्यातला ईथन हाच मुळात द्वेषाने पोखरलेला माणूस आहे, मेलेल्या कोमान्ची (मूळ रहिवाशांची एक जमात) माणसाच्या डोळ्यांत गोळ्या घालतो, का तर त्याच्या आत्म्याला भटकत राहावं लागेल म्हणून. भाचीला शोधतोय ते सोडवायला की मारून टाकायला हेच आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि मग तो तिला दोन्ही हातांनी उचलतो तो क्षण. घरातले सगळे आत जातात, हा दारात थांबतो, एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपर धरतो (हॅरी कॅरी या जुन्या वेस्टर्न हिरोची लकब होती ती, त्याची बायको ऑलिव्ह त्या सीनमध्ये होती, तिच्यासाठी वेनने केलं ते) आणि पाठ फिरवून निघून जातो. एवढ्या वाईट माणसाची भूमिका कुठलाही आडपडदा न ठेवता केलीय म्हणून मी त्याला सोडू शकत नाही. माझ्या नवऱ्याला हे अजिबात पटत नाही, तो बघत नाही, ठीक आहे.

केतकी_डीमॉइन
सई, थँक्स, हे मला माहीतच नव्हतं. म्युझियममध्ये पण डोळ्यांत पाणी आणून बोलणारे लोक भेटले आणि त्यातले एक कॅन्सरमधून उठलेले होते, त्याची संगती मंदारच्या पोस्टनंतर लागली. आता कुठून सुरू करू ते सांगा ना कुणीतरी.

जुना_प्रेक्षक
'रिओ ब्राव्हो'पासून करा, हॉवर्ड हॉक्सचा, १९५९ चा. घाई नाही त्यात, चार माणसं एका जेलमध्ये अडकलीत, गप्पा मारतायत, गाणं म्हणतायत, वेन त्यांच्याकडे बघत नुसता हसतोय, त्या माणसाची सोबत लोकांना का हवीशी वाटते ते तिथे कळेल. मग 'स्टेजकोच', मग 'रेड रिव्हर', मग 'यलो रिबन', आणि हे झाल्यावर 'सर्चर्स', तो पहिलाच बघितला तर जड जाईल. मध्येच हलकं काही हवं असेल तर 'द क्वाएट मॅन', तो वेस्टर्न नाही, आयर्लंडमध्ये काँग नावाच्या गावी शूट केलेला, तिथेही चाहते असेच जातात. 'शूटिस्ट' मात्र बाकीचे बघून होईपर्यंत लावू नका, त्या सुरुवातीच्या तुकड्यांतले सिनेमे आपण आधी बघितलेले असले पाहिजेत.