‘आदिवासी’ ही ओळख नेमकी कोणी ठरवली?

प्रश्न : राज्यघटनेत ‘अनुसूचित जमाती’, बोलण्यात ‘आदिवासी’ आणि काहींच्या तोंडी ‘वनवासी’, मग स्वतंत्र भारतात मूळनिवासी कोण, हे ठरवले कोणी?

प्रतिसाद १ : वर्गवारीचा पाया इंग्रजी अमलातील जनगणनेने घातला. आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी संविधान सभेत ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला, तरी १९५० मध्ये यादी निघाली ती ‘अनुसूचित जमातीं’चीच, पुढे या यादीचा फेरविचार करणाऱ्या १९६५ च्या लोकूर समितीने ‘आदिम लक्षणे’ आणि ‘बुजरेपणा’ हेही निकष मानले, जे मला अपमानास्पद वाटतात.

प्रतिसाद २ : सहमत आहे. आमच्याकडे जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीच्या वेळी पुरावा म्हणून पणजोबांचा शाळेचा दाखला मागितला गेला. ते तर गुरांमागे असत. दाखला येणार कुठून?

प्रतिसाद १ : मूळनिवासींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याला भारताने २००७ मध्ये अनुकूल मत दिले, मात्र सगळेच भारतीय मूळनिवासी, ही सरकारची भूमिका कायम आहे.